शून्य खाणारं बायनरी ॲप: आधी कुठे खातं ते शोधा

नाशिकच्या अंबडला आमच्या, विजेची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या, पॅनेल शॉपमध्ये एक तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी परत येते. "साहेब, ते ॲप परत शून्य खातंय." ते ॲप म्हणजे माझ्या भाच्याने केलेला बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ ने लिहिलेल्या आकड्यांचा, कॅल्क्युलेटर. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) यांच्या पॅनेलांमध्ये. त्याने हौसेने केलेलं ॲप मी कौतुकाने शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि तेव्हापासून त्याचं कस्टमर केअर माझ्याकडे आलं.

तक्रारीचे शब्द दर वेळी तेच, म्हणून आम्ही दोघंही दर वेळी फसलो. मी फोन करायचो, तो म्हणायचा, "मामा, ते तर मी मागेच काढलंय." खोटं नव्हतं. त्याने खरंच काढलेलं असायचं. परत आलेलं दुखणं वेगळं असायचं, फक्त कण्हणं सारखं. डावीकडचं शून्य ॲपमध्ये एका ठिकाणी हरवत नाही. ते बटण दाबताना हरवू शकतं, आकडा वाचताना हरवू शकतं, उत्तर छापताना हरवू शकतं, आणि कधी कधी शून्य जागेवर असतं पण ॲप त्याचा अर्थच भलता लावतं. म्हणून कोडला हात लावण्याआधी कोणतं दुखणं आहे ते ओळखायचं. त्यासाठी चार-पाच आकडे पुरतात. ते इथे देतो.

एक आधीच सांगून ठेवतो. इथे मी आकडे देवनागरीत लिहितोय, पण ॲपमध्ये टाकताना इंग्रजी आकडेच टाका. असं का, ते पुढे येईलच. आमचं सगळ्यात चिवट दुखणं तिथेच होतं.

पहिला आकडा: ०१०

बायनरी मोडमध्ये ०१० टाका. उत्तर दशमानात २ यायला हवं. १० आलं तर ॲप बायनरी मोडमध्येच नाही, बटण बघा. ८ आलं तर ॲप तुमचा आकडा अष्टमान, म्हणजे ऑक्टल समजतंय.

०१ टाकून तपासू नका. ते ऑक्टलमध्येही १ आणि बायनरीतही १. भाच्याने पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच करून "टेस्ट पास" म्हणून कळवलं होतं.

आमच्याकडे हे पहिल्यांदा उघडकीला आलं ते ०००१०११० या आकड्यावर. एका ड्राइव्हचा मॉडबस ॲड्रेस, म्हणजे संपर्काच्या लाइनवरचा त्याचा नंबर, डिप स्विचवर (छोट्या स्विचांची पट्टी) २२ लावायचा होता. पोराने स्विच लावले, खात्री करायला म्हणून ॲपमध्ये आठही आकडे टाकले, तर उत्तर ५६. त्याने पुढची तीन शून्यं काढून १०११० टाकलं तर २२. परत शून्यं लावली, परत ५६. तो बिचारा स्विचवर संशय घेत बसला.

५६ हा आकडा कुठून आला हे कोडं आम्हाला रविवारी मिसळीच्या टेबलावर सुटलं. ॲप तेव्हा आतून जावास्क्रिप्टचं पान होतं. भाच्याने बटणांनी तयार झालेली अक्षरं इव्हाल नावाच्या फंक्शनला देऊन त्यांचा आकडा करून घेतला होता. जावास्क्रिप्टमध्ये शून्याने सुरू होणारा आणि ० ते ७ मधलेच अंक असलेला आकडा जुन्या नियमाने ऑक्टल धरतात. त्यामुळे ०००१०११० हे ऑक्टल १०११० झालं, म्हणजे दशमानात ४०९६ अधिक ६४ अधिक ८, एकूण ४१६८. आता पुढची गंमत. त्याचा बायनरीचं दशमान करणारा भाग येणाऱ्या आकड्याचा शेवटचा अंक दहाने भागून काढायचा आणि त्याला १, २, ४, ८ अशा किमतींनी गुणायचा. १०११० आलं तर हे बरोबर चालतं. पण त्याच्या हातात पडलं ४१६८. मग ८ गुणिले १, ६ गुणिले २, १ गुणिले ४, ४ गुणिले ८. म्हणजे ८, १२, ४ आणि ३२. बेरीज ५६. कागदावर ही बेरीज जुळली तेव्हा भाच्याची तर्री गार झाली होती, पण चेहरा बघण्यासारखा होता.

म्हणजे तुमच्या ॲपमध्ये ०००१०११० ला ४१६८ आलं तर सरळ ऑक्टल, ५६ आलं तर ऑक्टल अधिक दहाने भागण्याची पद्धत.

ही ऑक्टलची सवय आली कुठून? सी भाषेतून, आणि सीकडे ती तिच्या आधीच्या बी भाषेतून. १९७० च्या आगेमागे बेल लॅब्समध्ये हे काम झालं. युनिक्सचं पहिलं काम ज्या पीडीपी-७ मशीनवर झालं त्याचा शब्द, म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तो आकडा, १८ बिटांचा, म्हणजे १८ बायनरी अंकांचा होता. अठराला तीनाने भाग जातो, म्हणून तीन-तीन बिटांचे गट, म्हणून ऑक्टल सोयीचं. पुढे शून्य लावलं की ऑक्टल, असा सोपा संकेत ठरला आणि तो सीच्या मागोमाग जावा, पीएचपी, जावास्क्रिप्ट अशा कितीतरी भाषांमध्ये वारशाने गेला. मशीन गेलं, शून्य राहिलं. पायथॉनने तिसऱ्या आवृत्तीत हा संकेत काढून टाकला. तिथे ०१० नुसतं लिहिलं तर सरळ चूक दाखवतो, आणि मला ते जास्त आवडतं. चुकीच्या उत्तरापेक्षा नकार बरा.

जावास्क्रिप्टच्या २००९ च्या अधिकृत नियमावलीत, अक्षरांचा आकडा करणाऱ्या पार्सइंट फंक्शनने शून्य बघून ऑक्टल धरणं बंद केलं, पण कोडमध्ये किंवा इव्हालमध्ये नुसता लिहिलेला आकडा स्ट्रिक्ट मोड (कडक नियमांचा मोड) नसेल तर अजूनही जुन्याच नियमाने जातो. आपला नाशिकचा एसटीडी कोड ०२५३ कोणी अशा कोडमध्ये अवतरण चिन्हांशिवाय लिहिला तर त्याचा १७१ होतो. करून बघा.

उपाय छोटा आहे. अक्षरांचा आकडा करताना पाया (बायनरीचा २, ऑक्टलचा ८, दशमानाचा १०) स्वतः सांगा. पार्सइंटला दुसरा आर्ग्युमेंट २ द्या. ॲन्ड्रॉइड ॲपच्या कोटलिन भाषेत टूइंटला २ द्या. सीमध्ये स्ट्रटोल वापरत असाल तर तिसऱ्या जागी ० देऊ नका. ० दिलं की ते पुढचं शून्य बघून स्वतःच पाया ठरवतं. तिथे २ लिहा. जावाचं इंटिजर डॉट डीकोड सुद्धा असंच शून्य बघून ऑक्टल धरतं, त्यापासून लांब राहा. पाया स्पष्ट दिला की डावीकडे कितीही शून्यं असोत, किंमत बिघडत नाही.

दुसरा आकडा: तोच, पण उलटा

भाच्याने हे वाचून-समजून दुरुस्त केलं असतं तर इथे गोष्ट संपली असती. त्याने काय केलं, तर शून्यच गुन्हेगार धरलं आणि आकडा वाचण्याआधी डावीकडची सगळी शून्यं छाटून टाकली. ५६ चं २२ झालं. त्याच दिवशी संध्याकाळी एकाने आठ शून्यं टाकली आणि ॲप बंद पडलं. सगळी शून्यं छाटल्यावर हातात उरतं रिकामं, आणि रिकाम्याचा आकडा करता येत नाही. हे दुखणं इतकं सामान्य आहे की कोणत्याही नव्या ॲपवर मी पहिल्यांदा नुसती शून्यं टाकून बघतो.

खरी अडचण नंतर आली. ०००१०११० टाका आणि नॉट, म्हणजे वन्स कॉम्प्लिमेंट (प्रत्येक ० चा १ आणि १ चा ०), दाबा. आठ बिटांत उत्तर १११०१००१ यायला हवं, दशमानात २३३. ९ आलं तर ॲपने पुढची शून्यं छाटली आणि उरलेल्या पाचच बिटांना उलटं केलं. वजा २३ आलं तर ॲपने आकडा चिन्हासकट मोठ्या पूर्णांकात ठेवलाय आणि सगळेच्या सगळे बिट उलटे केलेत. ४२९४९६७२७३ आलं तर तेच बत्तीस बिटांत, फक्त चिन्हाशिवाय. ही तीनही उत्तरं आपापल्या जागी गणित म्हणून बरोबर आहेत, पण तुमच्या आठ स्विचांसाठी तिन्ही निरुपयोगी.

शाळेत शिकवतात, डावीकडच्या शून्याला किंमत नाही. किंमत नाही हे खरं, पण जागा आहे. आठ स्विचांच्या पट्टीवर तीन बंद स्विच आहेत, ते बंद आहेत म्हणून कोणी कापून टाकत नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निघालेल्या नोटेवर सहा अंकी नंबर असतो. तो ००० ने सुरू झाला म्हणून नोट तीन अंकी होत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. ते न लावून बघा, मग शून्याला काय किंमत आहे ते कळेल.

आता शॉपमध्ये झालेलं सांगतो, कारण इथे शून्य खाल्ल्याने आमचा अख्खा तास गेला. एका ड्राइव्हचा स्टेटस वर्ड, म्हणजे त्याची स्थिती एकेका बिटात सांगणारा आकडा, वाचला होता, दशमानात १५९१. सोळा बिटांत तो ०००० ०११० ००११ ०१११ असा आहे. पोराने ॲपमध्ये १५९१ टाकून बायनरी बघितलं. ॲपने दाखवलं ११०००११०१११, अकराच आकडे, पुढची पाच शून्यं गायब. ड्राइव्हच्या पुस्तकात तक्ता डावीकडून उजवीकडे, बिट १५ पासून बिट ० पर्यंत. त्याने पडद्यावरच्या पहिल्या १ ला बिट १५ धरलं आणि बोट ठेवत गेला. बिट ७ वर बोट आलं तेव्हा तिथे १ होता. पुस्तकात त्या ड्राइव्हचा बिट ७ म्हणजे वॉर्निंग. झालं. फॅन बघितला, हीट सिंक बघितलं, केबिनेटचं फिल्टर काढून झटकलं, वॉर्निंग काही सापडेना. सापडणार कुठून? नीट सोळा आकडे लिहून मोजलं तर बिट ७ वर ० आहे. ड्राइव्ह अगदी ठणठणीत होती.

उजवीकडून मोजलं असतं तर हे झालं नसतं, हे मलाही माहीत आहे, आणि मी त्याला ते सांगितलंही. पण भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा असताना माणूस पुस्तकात जसं छापलंय तसंच मोजतो. उपकरणाने माणसाच्या मोजण्याला साथ द्यावी.

त्यातही टूज कॉम्प्लिमेंट, म्हणजे सगळ्यात डावा बिट १ असला की आकडा वजा धरायची पद्धत, असेल तर "किंमत नाही" हे वाक्यच कोसळतं. आठ बिटांत, नीट आठ अंक मोजून, ११११ १०११ लिहा. चिन्हासकट वाचलं तर ही किंमत वजा ५. आता तोच आकडा सोळा बिटांत न्यायचा म्हणून डावीकडे आठ शून्यं लावलीत तर तो २५१ होतो. वजा ५ राहायला हवा असेल तर डावीकडे आठ एक लावावे लागतात. चिन्हाचा बिट जो असेल तोच पुढे पसरवायचा. (हा आकडा मी स्वतःच आधी सात अंकांत लिहिला होता. चार-चारचे गट न पाडता बायनरी लिहिली की हेच होतं.)

तिसरं दुखणं: "सगळ्यांचं बरोबर येतं, माझंच शून्य येतं"

हे मला आयुष्यभर लक्षात राहील. तोवर भाच्याने ॲप कोटलिनमध्ये नव्याने लिहिलं होतं. शून्यं दिसायला हवीत हे त्याला आता पटलं होतं, म्हणून पडद्यावर दाखवताना तो आठ जागांपर्यंत शून्यं भरायचा. त्यासाठी स्ट्रिंग डॉट फॉरमॅट वापरलं, आठ जागा, पुढे शून्य, असा साचा देऊन. ॲप त्याच्या फोनवर, माझ्या फोनवर, शॉपमधल्या बहुतेकांच्या फोनवर झकास चाललं. फक्त एका वायरमनच्या फोनवर आकडा टाकून पुढची क्रिया केली की उत्तर शून्य. कोणताही आकडा, उत्तर शून्यच. ॲप काढून परत टाकलं, फोन रीस्टार्ट केला, फरक नाही. भाचा म्हणाला फोन जुना आहे. फोन जुना नव्हता, दिवाळीतलाच होता.

तो फोन हातात घेऊन मी सेटिंग बघत होतो आणि सगळं मराठीत दिसलं. म्हटलं, वा. आणि मग पडद्यावरचा, पुढची क्रिया करण्याआधीचा आकडा नीट बघितला. त्यावर ०००१०११० देवनागरीत होतं. बाकी सगळ्यांच्या फोनवर तेच इंग्रजी आकड्यांत असायचं.

होतं असं. स्ट्रिंग डॉट फॉरमॅटला वेगळं काही सांगितलं नाही तर ते फोनची भाषा बघून आकडे छापतं. मराठीसाठी ठरलेले आकडे देवनागरी आहेत, म्हणून मराठी फोनवर ते देवनागरी शून्यं आणि देवनागरी एक छापतं. यात ॲन्ड्रॉइडची काही चूक नाही, मराठी माणसाला मराठी आकडे दाखवणं हे त्याचं कामच आहे. चूक पुढे होती. भाच्याने पडद्यावरची तीच अक्षरं परत उचलून पुढच्या हिशेबाला घेतली होती आणि एकेक अक्षर इंग्रजी १ आहे का एवढंच तपासत होता. असेल तर १, नाहीतर ०. देवनागरी १ हा इंग्रजी १ नाही, सबब सगळे शून्य, सबब उत्तर शून्य. कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी शून्याचा युनिकोड क्रमांक ४८ आणि आपल्या शून्याचा २४०६. काही जण अक्षराच्या क्रमांकातून ४८ वजा करून अंक काढतात. त्यांच्या ॲपमध्ये देवनागरी १ ची किंमत २३५९ धरली जाईल आणि उत्तर लाखांत जाईल. तुमच्या ॲपमध्ये मराठी फोनवर असा अवाढव्य आकडा दिसला तर कारण हेच.

भाषेनुसार वागणूक बदलते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जावा आणि कोटलिनचं पाया देऊन केलेलं रूपांतर देवनागरी अंक बिनतक्रार ओळखतं. पायथॉनचं इंटही ओळखतं. जावास्क्रिप्टचं पार्सइंट ओळखत नाही, "आकडा नाही" असं उत्तर देतं. म्हणजे एकाच माणसाने एकाच मराठी कीबोर्डवरून टाकलेला ०१०१ हा एका ॲपमध्ये ५ होतो आणि दुसऱ्यात चूक.

उपाय दोन आहेत. फॉरमॅटच वापरायचं तर त्याला भाषा तटस्थ ठेवायला सांगा, लोकेल डॉट रूट देऊन. त्याहून बरं म्हणजे शून्यं भरायला पॅडस्टार्ट वापरा. त्याला रुंदी द्या आणि भरायचं अक्षर द्या. ते भाषेच्या फंदात पडत नाही. आणि मुळात पडद्यावर छापलेलं परत हिशेबाला उचलू नका. दाखवायची प्रत वेगळी, हिशेबाची वेगळी. भाच्याला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, आम्हाला हे कॉलेजात शिकवलं होतं." बरं.

याच आवृत्तीत आणखी एक लपलेलं होतं. फॉरमॅटला आकडा हवा म्हणून बायनरीची अक्षरं तो आधी इंट या साध्या पूर्णांक प्रकारात दशमान म्हणून ठेवायचा, म्हणजे १०११० हे दहा हजार एकशे दहा म्हणून. इंटची मर्यादा २१४७४८३६४७. त्यामुळे दहा बायनरी अंक मावतात, अकरावा मावत नाही. गंमत अशी की सोळा अंकी आकडा टाकला आणि त्यात पुढची सहा शून्यं असली तर ॲप चालायचं, पाच असली तर बंद पडायचं. आमचा १५९१ वाला वर्ड नेमका पाच शून्यांचा. "कधी चालतं कधी नाही" अशी तक्रार आली की मी आता पहिल्यांदा शून्यं मोजतो.

जावास्क्रिप्टमध्ये हेच केलं तर बंद पडत नाही, त्याहून वाईट होतं. सतरा वेळा १ टाका. तिथे आकडे दोनाच्या ५३ व्या घातापर्यंतच सलग अचूक राहतात. सतरा एकांचा दशमान आकडा त्यापलीकडे जातो आणि शेवटच्या १ चा २ होतो. बायनरी पडद्यावर चक्क २. हा दोन दिसला की समजावं, आकडा आतून दशमान म्हणून ठेवलाय.

बाकीची किरकोळ

काही ॲपमध्ये पहिलं बटण म्हणून शून्य घेतलंच जात नाही. पडद्यावर आधीच ० असतो, त्यावर ० दाबला तर तोच राहतो, १ दाबला की ० जाऊन १ येतो. साध्या कॅल्क्युलेटरची ही जुनी रीत, तिथे बरोबरही आहे. ०, ०, १ असं दाबून बघा. १ दिसला तर शून्यं बटणावरच गेली, पुढच्या कोडमध्ये शोधत बसू नका.

अपूर्णांक चालत असतील तर ०.००११ टाका. उत्तर ०.१८७५ हवं. ०.७५ आलं तर ॲपने बिंदूच्या दोन्ही बाजू वेगळ्या करून उजवी बाजूही पूर्णांक म्हणून वाचली आणि तिथली शून्यं खाल्ली. बिंदूनंतरची शून्यं खाणं म्हणजे सरळ किंमत खाणं.

चॅटमधून कॉपी करून टाकता का? मग पुढे शून्य आणि बी असा बायनरीचा उपसर्ग आला असेल. ॲप हेक्स, म्हणजे सोळा पायाच्या, मोडमध्ये असेल तर त्याला बी हा अंकच वाटतो, आणि शून्य-बी-१०१ चं ५ ऐवजी ४५३१३ होतं.

एक्सेलबद्दल दोन शब्द, कारण अर्धी शॉप ड्राइव्हचे वर्ड एक्सेलमध्ये नोंदवते. तिथे शून्यं तर जातातच, वर आकड्याचे पहिले पंधराच अंक टिकतात. सोळा अंकी बायनरी १ ने सुरू झाली तर सोळावा अंक गुपचूप ० होतो. सेलचा प्रकार आधी टेक्स्ट करा किंवा आकड्याआधी एकेरी अवतरण चिन्ह टाका. बिन-टू-डेक फंक्शन दहाच बिट घेतं आणि दहावा बिट चिन्हाचा धरतं, म्हणून दहा एक टाकले तर वजा १ देतं. सोळा बिटांसाठी २०१३ पासून आलेली डेसिमल आणि बेस ही फंक्शनं वापरा. बेसला १५९१, २ आणि १६ दिलं की पाचही शून्यांसकट पूर्ण सोळा अंक येतात.

ॲप दुरुस्त करणं तुमच्या हातात नसेल तर

साइटवर उभे आहात, ॲप दुसऱ्याचं आहे, शून्याने घोळ घातलाय. आकड्याच्या पुढे स्वतःचा एक १ लावा. आता आकडा शून्याने सुरूच होत नाही, त्यामुळे ऑक्टल नाही, छाटणं नाही, बटणाचा नकार नाही. आठ बिटांचा आकडा असेल तर उत्तरातून २५६ वजा करा, सोळा बिटांचा असेल तर ६५५३६. आमच्या ०००१०११० पुढे १ लावून २७८ येतं, त्यातून २५६ गेले, राहिले २२. फक्त नॉट किंवा चिन्हाच्या हिशेबाला ही युक्ती वापरू नका.

माझी स्वतःची सवय मात्र कागदाची. उजवीकडून चार-चारचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा एक हेक्स अंक लिहायचा. ०००० ०११० ००११ ०१११ म्हणजे ०, ६, ३, ७. चारही अंक लिहायचे, पुढचा शून्यही. चार अंक दिसले म्हणजे सोळा बिट आहेत, मोजायची गरज नाही. डिप स्विच असेल तर आधी बोर्डवर छापलेलं बघा. कित्येक बोर्डांवर स्विच १ हा डावीकडे असतो आणि तोच सगळ्यात हलका बिट असतो, म्हणजे ५ ची पट्टी डोळ्यांना १०१००००० दिसते. ॲपची त्यात काही चूक नाही.

भाच्याच्या ॲपची सध्याची आवृत्ती अशी चालते. टाकलेली अक्षरं शेवटपर्यंत अक्षरंच राहतात. ०, १ आणि मोकळी जागा सोडून काही आत येत नाही. देवनागरी अंक आले तर आत घेतानाच इंग्रजी करून घेतो. वर एक बटण आहे, ८, १६ किंवा ३२ बिट. हिशेबाच्या वेळी पाया २ देऊन रूपांतर, तेही लाँग या मोठ्या पूर्णांक प्रकारात, कारण बत्तीस बिटांचा आकडा १ ने सुरू झाला तर साध्या टूइंटमध्ये तो मावत नाही आणि चूक फेकतो. नॉट करताना निवडलेल्या रुंदीचे सगळे एक घेऊन त्यांच्याशी एक्सॉर (बिट सारखे तर ०, वेगळे तर १). दाखवताना पॅडस्टार्ट आणि चार-चारचे गट.

तक्रारी थांबल्या असं म्हणवत नाही. पण ग्रुपवर आता एक मेसेज पिन करून ठेवलाय: "शून्य खातंय" एवढंच लिहू नका. टाकलेला आकडा पुढच्या शून्यांसकट जसाच्या तसा पाठवा, आलेलं उत्तर पाठवा, बिटांचं बटण कशावर होतं ते सांगा, आणि फोनची भाषा कोणती ते सांगा. भाषा बदलू नका, नुसती सांगा.